तेव्हा वाटलं होतं, की आता वाटतंय?

‘मला वाटलंच होतं’ हे शब्द बाईंच्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

जपानमधल्या सेंदाईत आल्यावर पहिल्याच पंधरवड्यात एकदा मी चिंब भिजून घरी आले आणि दारात बूट काढता काढता म्हणाले, “मला वाटलंच होतं, आज पाऊस येणार.” बाई आत कांदा चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तेव्हा वाटलं होतं, की आता वाटतंय?”

“म्हणजे?”

“सकाळी वाटलं असतं तर छत्री नेली असतीस. छत्री तर इथे कोपऱ्यात उभी आहे. म्हणजे सकाळी तुला काही वाटलं नव्हतं. भिजलीस, आणि आता वाटतंय. आताचं वाटणं सकाळच्या नावावर कशाला लिहितेस गो?”

मी दिवसभर प्रयोगशाळेत उभी होते, ओले मोजे हातात होते. मला त्यांचा रागच आला. पुढे हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की राग यायचा थांबला आणि मीच तो इतरांना विचारू लागले. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, “शेजारच्या काकांचं असं काहीतरी होणार, हे माझ्या मनात येऊन गेलं होतं हं.” मी विचारलं, “कधी? आधी की नंतर?” आईने फोन बाबांकडे दिला.

बाई माझ्या घरमालकीण. २०११च्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला दोन वर्षं होऊन गेल्यावर मी तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून गेले, आणि एका सहकाऱ्याच्या ओळखीने त्यांच्या घरातली माडीवरची खोली मला मिळाली. त्या सत्तरीच्या होत्या. अलिबागजवळच्या एका गावातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबातल्या. मुंबईला कॉलेजात असताना तिथे कामाला आलेल्या एका जपानी इंजिनियराशी त्यांनी लग्न केलं, इकडे आल्या आणि विद्यापीठात युरोपीय साहित्य शिकवून निवृत्त झाल्या. नवरा भूकंपाच्या बराच आधी गेला होता. मुलगा तोक्योत होता. तो आईशी जपानीत बोलायचा आणि आई त्याच्याशी मराठीत. दोघांनाही त्यात काही अडचण वाटत नसे.

खोली त्या शक्यतो मराठी मुलींनाच द्यायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “जपानी मुली भांडत नाहीत गो. घरात कुणी भांडणारं नको का?”

त्यांचा आयुष्यभराचा विषय होता नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंनी लिहिलेल्या आठवणी. खालच्या मजल्यावरची एक अख्खी भिंत त्या पुस्तकांनी भरलेली होती. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी. पण कुठलं पुस्तक कुठलं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, कारण प्रत्येकाला शाळेच्या वह्यांना घालतात तसं खाकी कागदाचं कव्हर घातलेलं.

“कव्हरावर हे लोक काटेरी तार छापतात,” बाई म्हणायच्या. “नाहीतर आगगाडीचे रूळ. आत पहिल्या पानावर मुलगी अजून मावशीच्या लग्नात नाचतेय, आणि वाचणाऱ्याला दारातच सगळं सांगून टाकलंय. मग तो त्या मुलीकडे बघतच नाही. तिच्या मागच्या तारेकडे बघत बसतो.”

त्यांची पेन्सिलही चालायची. “त्या उन्हाळ्यात आम्हाला कुठे ठाऊक होतं, की…” असं वाक्य आलं की त्याच्या दोन्ही बाजूंना त्या बारीक कंस घालत. छापील पुस्तकात, स्वतःच्या प्रतीत. “हे वाक्य त्या उन्हाळ्यात नव्हतं. नंतर आणून ठेवलंय. चूक नाही त्यात काही. पण ते कुठून आलंय ते आपल्याला माहीत असावं.”

लोक त्यांना हमखास विचारत, “तुमच्या घरातले कोण होते तिथे?” कुणी कुणी तर विचारायच्या आधीच चेहरा उतरवून घेत. एका व्याख्यानानंतर एका वृद्ध बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि खूप वेळ सोडलेच नाहीत. बाईंनी शांतपणे सांगितलं, “आमच्या घरातलं कुणीच नव्हतं हो. आमचे लोक तेव्हा कोकणात तेल गाळत होते. आम्हाला कुणी काही केलं नाही.” त्या वृद्ध बाईंना फसवल्यासारखं झालं. हात सोडून त्या निघून गेल्या.

मग हा विषय घेतला कुठून? हे मी एका शुक्रवारी संध्याकाळी विचारलं. शुक्रवारी बाई ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे दिवा लावत, आणि दिवा लागल्यावर त्यांचा आवाज एक पट्टी खाली यायचा.

त्यांची एक आत्या भायखळ्याला राहायची. तिच्याकडे व्हिएन्नाहून पळून आलेल्या एक डॉक्टरीणबाई भाड्याने राहत होत्या. बाई सुट्टीत आत्याकडे जायच्या तेव्हा आठ-दहा वर्षांच्या असतील. एकदा डॉक्टरीणबाईंनी खिडक्यांसाठी छापील कापड आणलं आणि आत्याच्या मशीनवर पडदे शिवायला घेतले. बाई कापडाचं टोक धरून बसल्या होत्या. आत्या म्हणाली, “अस्तर लावा, म्हणजे जास्त दिवस टिकतील.” त्याबरोबर डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि मशीन थांबवावं लागलं. मग म्हणाल्या, “मागच्या वेळीही मी अस्तर लावलं होतं. दहा वर्षं टिकावेत म्हणून. महिन्याभरात घर सोडलं.”

“आत्याला काही हसू आलं नाही,” बाई म्हणाल्या. “मलाही नाही. पण त्या का हसल्या हे मला कळायला हवं होतं. ते समजून घेण्यात नोकरी झाली, पेन्शन झाली.”

“कळलं का?”

“थोडं. त्यांनी पडद्यांना अस्तर लावलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. ‘मला अशुभ वाटत होतं, हात थरथरत होता,’ असलं काही नाही सांगितलं. हात थरथरला नव्हताच. टाके सरळ पडले होते. म्हणून तर हसू आलं.”

अशुभाच्या चाहुलींवर बाईंचा विश्वास नसला तरी तयारीवर होता. त्यांच्या घरात प्रत्येक अंथरुणाशेजारी जाड तळाचे बूट असायचे, दाराशी पाण्याच्या बाटल्या आणि एक पिशवी. जेवताना भूकंपाचा हलका धक्का बसला की बाई एका हाताने आमटीचं पातेलं धरायच्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. माझ्या प्रयोगशाळेतला एकजण एकदा चहाला आला होता. बोलता बोलता तो म्हणाला की मोठ्या भूकंपाच्या दोन दिवस आधी जो धक्का बसला होता, तो पूर्वधक्का होता. बाईंनी लगेच पकडलं. “त्या दिवशी तो पूर्वधक्का होता का?”

“नाही… त्या दिवशी तो भूकंपच होता. मोठा झाल्यावर मग त्याला पूर्वधक्का म्हणायला लागले.”

“बघ,” बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “तुमच्या विज्ञानातसुद्धा पेन्सिल लागते.”

निवृत्तीनंतर बाई महिन्यातून दोनदा आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये वाचनवर्ग घ्यायच्या. भूकंपानंतर शेजारच्याच मैदानावर तात्पुरत्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. किनाऱ्यावरची घरं वाहून गेलेले लोक तिथे राहायचे. त्यांच्यातलेही काही वर्गाला येऊ लागले. सेंटरच्या व्यवस्थापकांनी बाईंना अदबीने सुचवलं होतं की जरा प्रसन्न करणारं काहीतरी वाचावं. बाई “हो” म्हणाल्या आणि आपल्याच भिंतीवरचं एक पुस्तक घेऊन गेल्या.

मीही जायचे. जपानी सुधारावं एवढाच माझा हेतू. बाईंनी पहिल्या दिवशी फक्त सुरुवातीच्या प्रकरणांच्या झेरॉक्स वाटल्या. वर नाव नाही, लेखिका कोण ते नाही, साल नाही. एका लहान शहरातलं कुटुंब. वडिलांचं टोप्यांचं दुकान. आजी आजारी, मोठ्या मुलीची परीक्षा तोंडावर, घरात नव्या कपाटावरून वाद. अशात वडिलांच्या चुलतभावाचं अमेरिकेहून बोलावणं येतं, समुद्रापार या, इथलं काही खरं नाही.

“जावं का त्यांनी?” बाईंनी वर्गाला विचारलं. “जेवढं वाचलंत तेवढ्यावरून सांगा.”

चर्चा रंगली. त्यात सगळ्यात नेटकं बोलले ते एक दंतवैद्य. किनाऱ्यावरच्या गावात त्यांचा दवाखाना होता, तो लाटेत गेला. तिथे काम बघणारी बायकोही गेली. उंच, टापटिपीचे, साठीच्या पुढचे गृहस्थ. तात्पुरत्या घरातूनही इस्त्रीचा सदरा घालून यायचे. जपानीत डॉक्टरलाही ‘सेन्सेइ’ म्हणतात आणि शिक्षकालाही, त्यामुळे ते आणि बाई एकमेकांना ‘सेन्सेइ’ म्हणायचे आणि मधल्यामध्ये माझा गोंधळ व्हायचा. मी इथे त्यांना डॉक्टर म्हणते.

डॉक्टर म्हणाले, “जाऊ नये. चालू धंदा एकदा सोडला की पुन्हा बसत नाही. आजीला प्रवास झेपणार नाही. मुलीची परीक्षा होऊ द्यावी, मग बघता येईल.”

सगळ्यांना पटलं. बाईंनी हात वर करायला सांगितले. सगळे हात ‘राहावं’ या बाजूचे. एका आजींचा तेवढा ‘जावं’, कारण त्यांना स्वतःला एकदा अमेरिका बघायची होती.

पुढच्या वेळी बाईंनी उरलेलं पुस्तक वाटलं. दोन आठवड्यांनी लोक ते वाचून आले तेव्हा खोलीत कुणी चहालाही हात लावेना. अमेरिका बघू इच्छिणाऱ्या आजी रडून आल्या होत्या. बाईंनी एवढंच म्हटलं, “आता कुणी म्हणू नका की वडील मूर्ख होते. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्याबरोबर हात वर केला होता.”

मला वाटलं, आता वर्ग रिकामा होणार. (हे तेव्हाच वाटलं होतं. बाईंना त्याच संध्याकाळी बोलून दाखवलंही होतं.) तसं काही झालं नाही. पुढच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या.

त्या हिवाळ्यात सेंटरने ठरवलं की तात्पुरत्या घरांतल्या लोकांनी आपापली हकीकत लिहावी, तिची एक छोटी पुस्तिका काढावी आणि मार्चमध्ये स्मरणदिनाला वाचून दाखवावी. लिखाण तपासायचं काम साहजिकच बाईंकडे आलं. बाईंनी वर्गातच एकेकाचं लिखाण मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली आणि पेन्सिल काढली.

डॉक्टरांचं लिखाण सुंदर होतं. त्यातली सकाळ तर फारच. कावळे नेहमीपेक्षा खाली उडत होते. भिंतीवरचं घड्याळ थोडं मागे पडलं होतं. निघताना बायकोने दारात उभं राहून जरा जास्तच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्याआधी, न्याहारीच्या वेळी, तिच्या हातून सुपाचा वाडगा निसटून फुटला. लग्नापासूनचा वाडगा. तिने तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर कचऱ्यात ठेवले, ते बघताना छातीत काहीतरी थंड झालं. वर्गात दोघीतिघींनी रुमाल काढले.

बाईंनी विचारलं, “वाडगा कधी फुटला, सेन्सेइ?”

“त्या सकाळी.”

“शुक्रवारी?”

“हो.”

“तुमच्या गावात फुटकी भांडी कुठल्या दिवशी नेत?”

जपानात कोणता कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा याला धर्माइतकं महत्त्व आहे. डॉक्टर म्हणाले, “बुधवारी.”

“मग शुक्रवारी सकाळी त्यांनी तुकडे बांधून बाहेर कसे ठेवले?”

डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी कागदांची घडी घातली, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, उभे राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. दार लागल्यावर अमेरिकावाल्या आजी म्हणाल्या, “सेन्सेइ, तुम्ही फार दुष्ट आहात.”

“असेन,” बाई म्हणाल्या. आणि पुढच्या माणसाला वाचायला सांगितलं.

घरी परतताना मी त्यांच्याशी भांडले. त्यासाठीच तर खोली दिली होती. “एक वाडगा राहिला असता तर काय बिघडलं असतं, बाई? त्यांची बायको गेलीय. तुम्ही काय कोर्टात उलटतपासणी घेताय का?”

चढ चढताना बाईंना दम लागायचा. वर आल्यावर म्हणाल्या, “वाडगा राहिला की दुपार जाते गो.”

“कुठली दुपार?”

“त्यांच्या लिखाणात सकाळ आहे, दोन पानं. मग जमीन हलली, चार ओळी. मग एकदम संध्याकाळ, सगळीकडे पाणी. मधली दुपार नाही. मी इतकी वर्षं हेच वाचतेय. चाहुलींची गर्दी झाली ना, की समजावं, माणूस काहीतरी ओलांडून चाललाय.”

“मग ओलांडू द्या की!”

“हं,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या वर्गाला डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. व्यवस्थापकांनी कळवलं की त्यांनी पुस्तिकेतून नाव काढून घेतलंय. रविवारी सकाळी बाईंनी पोहे भिजवले, त्यात ओलं खोबरं, साखर, सफरचंदाच्या आणि केळ्याच्या फोडी घातल्या, डबा भरला आणि मला म्हणाल्या, “चल.” त्यांच्या घरी शुभकार्याला मलिदा करतात, तो हा. आज कसलं शुभकार्य, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरांच्या तात्पुरत्या घराचं दार बाजूला सरकवायचं होतं. आत एकच खोली, पलीकडे ओटा. फडताळावर बायकोचा फोटो, पुढे पाण्याचा पेला आणि एक संत्रं. डॉक्टरांनी आम्हाला बसायला चपट्या उशा दिल्या, डबा घेतला, त्यातलं थोडं बशीत काढून फोटोपुढे ठेवलं आणि चहा करायला वळले. बाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही.

“सेन्सेइ,” त्या म्हणाल्या, “तुमच्या लिखाणात दुपार नाही.”

डॉक्टर पाठमोरे होते. “दुपारी मी शहरात होतो. दंतवैद्यांची सभा होती. लिहिलंय मी ते.”

“हो. हलायला लागलं तेव्हा टेबलाखाली गेलात, तेही लिहिलंय. मग?”

“मग आम्ही सगळे रस्त्यावर आलो.”

“मग?”

किटलीतलं पाणी उकळायला लागलं होतं. डॉक्टरांनी किटली बंद केली नाही.

“फोन लागला,” ते म्हणाले.

मी बाईंकडे पाहिलं. त्या डॉक्टरांच्या पाठीकडे बघत होत्या.

“त्या दिवशी कुणाचाच लागत नव्हता. माझा एकदाच लागला. ती म्हणाली, मी बरी आहे. कपाट पडलंय, पेशंटच्या दातांचे सगळे साचे फुटून जमिनीवर पडलेत, एवढं आवरते आणि निघते.” त्यांनी पेले पुसायला घेतले. “तिला प्रत्येक गोष्टीची घाई असायची. आदल्या वर्षी काच उचलताना हात कापून घेतला होता, टाके पडले होते. मी म्हणालो, काचा असतील. सावकाश आवर.”

किटली वाजायला लागली. मी उठून बंद केली आणि परत जागेवर बसले.

बाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?”

हा प्रश्न मी शंभरदा ऐकला होता. पण या आवाजात कधी नव्हता. मला कळलं की बाई त्यांना सोडवू बघतायत. टोपीवाल्या वडिलांच्या बाजूने सगळ्यांचे हात जसे वर करवले होते, तसंच. आता डॉक्टर म्हणणार, मला काहीच माहीत नव्हतं, आणि बाई म्हणणार, मग झालं तर.

डॉक्टर वळून समोर बसले. “सगळं माहीत होतं,” ते म्हणाले. “समोर एक टॅक्सी उभी होती. तिच्या रेडिओवर लाटेचा इशारा चालला होता. मी तो ऐकत होतो. ऐकता ऐकताच तिच्याशी बोललो. दोन दिवसांपूर्वीही इशारा दिला होता आणि काही म्हणजे काही झालं नव्हतं. माहीत होतं, सेन्सेइ. पण खरं वाटलं नव्हतं. याला तुमच्या पुस्तकांत काय म्हणतात?”

याला बाईंच्या पुस्तकांत शब्द होता. एक नाही, चांगले तीन-चार होते. त्यावर त्यांनी निबंध लिहिले होते, परदेशात जाऊन वाचले होते. मी वाट बघत राहिले.

“मला नाही माहीत,” बाई म्हणाल्या.

मग आम्ही चहा प्यायलो. डॉक्टरांनी मलिद्याची चव घेतली आणि यात कोणता तांदूळ असतो म्हणून विचारलं. बाईंनी पोहे कसे करतात ते अगदी सविस्तर सांगितलं. निघताना दारात डॉक्टर म्हणाले, “वाडगा खरंच फुटला होता. मंगळवारी. मी तो शुक्रवारी नेऊन ठेवला.”

“कळलं मला,” बाई म्हणाल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असं मी धरून चालले होते. पण पुस्तिका छापायला जायच्या आधी डॉक्टरांचं पाकीट आलं. बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, पेन्सिल शोधलीही नाही, आणि तसंच छापायला पाठवलं.

स्मरणदिनाला सेंटरचा हॉल भरला होता. बाहेर बर्फाचे बारीक कण पडत होते. एकेकजण पुढे येऊन वाचत होता. डॉक्टर पुढे आले, त्यांनी चष्मा लावला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “मंगळवारी आमच्याकडे सुपाचा वाडगा फुटला, शुक्रवारी सकाळी घरात काहीही फुटलं नाही.” मग न्याहारीत काय होतं ते. मग सभा, टेबल, रस्ता, टॅक्सीचा रेडिओ. आवाज स्थिर होता. फोन लागल्याचं वाक्य आलं आणि ते थांबले. सगळ्यांना वाटलं पान उलटतायत. ते पान उलटत नव्हते.

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, जवळ गेल्या आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी कागद त्यांच्या हातात दिला, पण खाली बसले नाहीत. शेजारीच उभे राहिले. बाईंचं जपानी पक्कं होतं, तरी वाक्याचं शेपूट ओढायची अलिबागची सवय काही गेली नव्हती. त्या सुरात त्यांनी वाचलं. कपाट पडलंय. साचे फुटलेत. एवढं आवरते आणि निघते. आणि मग डॉक्टरांचं उत्तर, “काचा असतील. सावकाश आवर.”

त्यानंतर दोनच ओळी होत्या. त्याही वाचून त्यांनी कागद खाली घेतला.

मग मधल्या रांगेतून अमेरिकावाल्या आजी बसूनच म्हणाल्या, “मी ह्यांना म्हटलं होतं, आधी कुत्र्याची साखळी सोडून या.”

कुणीतरी मागे खोकलं. भिंतीजवळ उभा असलेला एक माणूस म्हणाला, “मी आईला म्हणालो, आधी गॅस बंद कर.”

“मी म्हटलं, तिथेच थांब, मी न्यायला येतोय.”

“मी काहीच म्हटलं नाही. मी फोन उचलला नाही. मला वाटलं, ऑफिसचा असेल.”

एकामागून एक. कुणी रडत नव्हतं. हजेरी द्यावी तसे आवाज येत होते, जपानी माणसं बोलतात तसे, खालच्या पट्टीत. व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं, हातातला कार्यक्रमाचा कागद पाहिला, आणि तो घडी करून खिशात घातला. वर्गाच्या शेवटी दोन वाक्यांत सार सांगायची बाईंची पद्धत होती. त्या दिवशी त्या मागच्या टेबलाशी गेल्या आणि पेल्यांत चहा ओतायला लागल्या. मीही गेले. आमच्या दोघींकडून बराच चहा टेबलावर सांडला.

लोक निघाल्यावर डॉक्टर आमच्याकडे आले. मला वाटलं, आभार मानणार. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “सेन्सेइ, तुमची वरची कवळी सैल झालीय. वाचताना खटखट ऐकू येत होती.”

बाई लालबुंद झाल्या. त्यांना कवळी आहे हे त्यांच्याच घरात राहून मला माहीत नव्हतं.

“गुरुवारी या,” डॉक्टर म्हणाले. “शहरातल्या एका मित्राचा दवाखाना दुपारी रिकामा असतो. मी विचारून ठेवतो.”

त्या मित्राकडून नंतर कळलं, की भूकंपानंतर डॉक्टरांनी अवजारांना हात लावला नव्हता.

गुरुवारी मी बाईंना बसने घेऊन गेले. डॉक्टरांनी पांढरा कोट घातला होता, तो मित्राचा असल्यामुळे बाह्यांत तोकडा होता. कवळी काढून त्यांनी दिव्याखाली धरली, वेगवेगळ्या बाजूंनी पाहिली आणि कामाला लागले. बाई तोंडावर रुमाल धरून खुर्चीत बसल्या होत्या. बिनदाताचं बोलायला त्या तयार नव्हत्या. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मात्र बोलत होते. हात चालू, नजर कवळीवर, आणि बोलणं बायकोबद्दल. तिला गाण्याचे शब्द कधी नीट आठवायचे नाहीत, ती स्वतःचे घालायची. तिला गाडी मागे घेता यायची नाही, म्हणून ती अख्ख्या गावाला वळसा घालून यायची. आणि एकदा तिने घाईघाईत एका म्हाताऱ्याची नवी कवळी दुसऱ्याच म्हाताऱ्याला देऊन टाकली. तो ती आठवडाभर वापरून, आधीच्यापेक्षा कितीतरी छान बसते, असं सांगायला फळांची करंडी घेऊन आला.

कवळी बसवून डॉक्टर मागे सरकले. “हं. आता काहीतरी बोलून बघा.”

बाईंनी रुमाल खाली घेतला, जबडा एकदा डावीकडे हलवला, एकदा उजवीकडे.

“आणि ज्याची होती,” त्यांनी विचारलं, “त्याने आठवडाभर खाल्लं काय?”